रकान्यातला धर्म : विकिपीडियावरील बौद्ध लोकसंख्येचा वाद

१

विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला ‘इतिहास’ नावाची एक मागची बाजू असते. सहसा वाचक तिकडे फिरकत नाही. ती उघडली, की कोणी कोणत्या दिवशी कोणता शब्द घातला, कोणी तो काढला आणि तिसऱ्याने तो पुन्हा कसा बसवला, याची तारीखवार वहीच समोर येते. बौद्ध धर्माविषयीच्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी पानांच्या अशा वह्या मी काही वर्षे वाचत आलो आहे. बुद्धाचा जन्म भारतात झाला म्हणायचे की नेपाळात, यावर इंग्रजी पानावर झालेली भांडणे प्रसिद्ध आहेत. परंतु मला अधिक चिवट वाटले ते आकड्याचे भांडण. बौद्ध किती, एवढाच प्रश्न. पण तो मिटत नाही.

जगाच्या पातळीवर पाहिले तर अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राचा २०१० सालाचा अंदाज सुमारे ४८ कोटी ८० लाखांचा, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या सात टक्क्यांच्या आसपासचा आहे. पीटर हार्वी या अभ्यासकाच्या पुस्तकात तो ५३ कोटी ५० लाखांपर्यंत जातो. चीनमधले लोकधर्म, ताओ पंथ आणि पूर्वजपूजा करणारेही बौद्धांत धरले, की तोच आकडा दीड अब्जाच्या पुढे सरकतो. भारतासाठी २०११ च्या जनगणनेचा आकडा ८४,४२,९७२ आहे. त्याच्या शेजारी कोणी पाच कोटी लिहितो, कोणी सहा कोटी. दुसरा कोणी ते काढून टाकतो किंवा ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावतो. पहिला पुन्हा लिहितो. चर्चापानावर आधी पुराव्यांची आणि मग हेतूंची झाडाझडती सुरू होते. तू कोणाच्या बाजूचा, इथपर्यंत गोष्ट जाते.

या वादाकडे पोरखेळ म्हणून पाहणे सोपे आहे; मी तसे पाहत नाही. पगार नाही, मानधन नाही, खरे नावसुद्धा नाही, आणि तरी माणसे रात्री जागून एका आकड्यासाठी भांडतात, तेव्हा त्या आकड्यात त्यांचे काहीतरी अडकलेले असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की आकडा फुगवणारा आणि आकडा राखणारा, या दोघांच्याही नजरेतून एकच गोष्ट निसटते. जनगणनेचा आकडा बेरजेतून येण्याआधी एका प्रश्नोत्तरातून येतो. ते प्रश्नोत्तर पानावर आणले, तर वादाचा बराच भाग मिटेल आणि उरलेला भाग निदान योग्य जागी होईल.

२

कोशांचे भांडण मराठीला नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश काढला; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्या संपादकीय खोल्यांतही मतभेद झाले असतीलच. फरक असा, की वाचकाच्या हाती छापील खंड येई तेव्हा मतभेद आत राहिलेले असत. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव येते, पण नोंद तशी का झाली हे येत नाही. विकिपीडियाने ही रीत उलटी केली. लेखकाचे नाव गेले आणि भांडण चव्हाट्यावर आले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथल्या मंडळींनी सामाईक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ हे नाव दिले आहे. गावात माणसे मोजण्याचे आणि त्यावरून हुज्जत घालण्याचे काम पूर्वी जिथे होत असे, त्याच जागेचे हे नाव आहे.

या चावडीचा मूळ नियम पडताळणीचा आहे. तुमचे म्हणणे खरे आहे का, असे तिथे विचारत नाहीत. ते कोणत्या विश्वसनीय ठिकाणी छापून आले आहे, असे विचारतात. अनेकांना हा नियम उद्धट वाटतो. मला तो न्याय्य वाटतो. कोण लिहितो आहे हेच जिथे ठाऊक नाही, तिथे लिहिणाऱ्याची पदवी किंवा तळमळ यांवर विसंबून चालणार नाही. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेर शिकलेल्या माणसाला तर हा नियम जवळचाच वाटतो, कारण तिथे पुस्तकाचे पान विचारतात, प्रमाणपत्र नाही. पाच-सहा कोटी लिहिणाऱ्याला ‘हे कोणी मोजले?’ असे विचारले आणि त्याला उत्तर देता आले नाही, तर आकडा काढणाऱ्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

पण या नियमाला एक उणी बाजूही आहे. जे छापले जाते तेच उरते, आणि जनगणनेतून छापली जाते ती बेरीज. आमच्या मुखेड तालुक्यासारख्या भागातल्या कित्येक गावांची मराठी विकिपीडियावर पाने आहेत. बहुतेक एकाच साच्यातली. ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’ असे मथळे, आणि मथळ्यांखाली बहुधा मजकूर नाही. जिथे आकडा आहे तिथे तो तेवढा ठाम उभा असतो. ज्या लोकजीवनातून तो आला, त्याचा रकाना रिकामा. बौद्ध लोकसंख्येच्या पानांचे दुखणे याच जातीचे आहे. आकड्याला तळटीप असते, पण ती त्या आकड्याच्या छपाईची असते. तो कसा घडला याची नसते.

३

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणना चालू असताना तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी मी बसलो होतो. प्रगणक म्हणून आलेले गुरुजी ओसरीवर बसले. नाव, नाते, वय झाले. सातवा प्रश्न धर्माचा. घरातली म्हातारी माय म्हणाली, “बौद्ध.” आतून तिच्या मुलाचा आवाज आला, “हिंदू लिव्हा गुरुजी. लेकराच्या सर्टिफिकिटाला अडचण येती मंग.” गुरुजींनी दोघांकडे पाहिले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. माय पुन्हा काही बोलली नाही. गुरुजींनी काय लिहिले ते मी पाहिले नाही, आणि पाहण्याचा मला अधिकारही नव्हता. पण महाराष्ट्राच्या ६५,३१,२०० या आकड्यात ते घर मिळवले गेले की वगळले गेले, हे त्या दोन वाक्यांवर ठरले.

मुलाची भीती वेडगळ नव्हती. ती फक्त जुनी झाली होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात अशी तरतूद होती, की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धर्मांतर झाले, पण बौद्धांचा समावेश त्या आदेशात व्हायला १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने आपल्या पातळीवर नवबौद्धांना सवलती दिल्या होत्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव जागा मात्र कागदावर ‘हिंदू’ असलेल्यालाच मिळत. म्हणजे चौतीस वर्षे, एका पूर्ण पिढीला, घरात एक धर्म आणि कागदावर दुसरा असे राहावे लागले. १९९० नंतर कायदा बदलला. घराची सवय तेवढ्या लवकर बदलली नाही.

आमच्या भागात या सवयीला आणखी एक पदर आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. मराठवाड्यात तेव्हाचा पुरावा म्हणजे हैदराबाद संस्थानातले कागद, पुष्कळदा उर्दूत लिहिलेले, आणि त्यात आजोबांच्या नावापुढे जुना धर्म, जुनी जात. शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यावर एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी जात पडताळणी समितीपुढे खेटे घालावे लागतात, हे ज्याने भोगले आहे तो माणूस प्रगणकापुढे कशाला धोका पत्करील? जनगणनेतली माहिती गोपनीय असते आणि दाखल्याशी तिचा काही संबंध नसतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

उलट टोकाचीही माणसे आहेत. ‘आम्ही जात सोडली’ म्हणून धर्माच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ सांगणारी, आणि पुढच्या, आठव्या प्रश्नात अनुसूचित जातीचे नाव विचारल्यावर ‘जात नाही’ किंवा ‘नवबौद्ध’ म्हणणारी. अनुसूचित जातींच्या यादीत ‘नवबौद्ध’ असे नाव नाही. त्यामुळे असे उत्तर देणारा बौद्धांत मोजला जातो, पण अनुसूचित जातींच्या मोजणीतून गळतो. पहिल्या घराने कागद राखण्यासाठी धर्म सोडला, दुसऱ्याने धर्म राखण्यासाठी कागद सोडला. आकड्याकडे पाहून यातले काहीच कळत नाही.

४

आता आकड्यांकडे वळू. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये २७,८९,५०१. त्यानंतर १९७१ मध्ये ३२,६४,२२३. १९८१ मध्ये ३९,४६,१४९. १९९१ मध्ये ५०,४०,७८५. २००१ मध्ये ५८,३८,७१०. आणि २०११ मध्ये ६५,३१,२००. संख्या वाढत गेली, पण राज्याच्या लोकसंख्येतला वाटा १९६१ च्या ७.०५ टक्क्यांवरून २०११ मध्ये ५.८१ टक्क्यांवर आला. या पन्नास वर्षांत वाटा वाढला तो फक्त एकदा, १९९१ ला : ६.२९ वरून ६.३९. अनुसूचित जाती आदेशातली दुरुस्ती आदल्याच वर्षी झाली होती. एवढ्यावरून कार्यकारणाचा निकाल देता येणार नाही, पण हे दोन्ही सन शेजारी मांडून पाहण्याजोगे आहेत.

आकडा फुगवणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की वाटा घटला याचा अर्थ नोंद दडपली. हे अर्धेच खरे आहे. २०११ मध्ये देशातल्या बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांवर होती. देशाची सरासरी सुमारे ७३ टक्के. जो समाज शिकतो, शहरात जातो, मुलींना शाळेत घालतो, त्याची कुटुंबे लहान होतात. वाटा घटण्यामागे दडपलेली नोंद असेल तसेच हेही असेल. ज्या शिक्षणाचा आपण गौरव करतो, त्याचा परिणाम तक्त्यात दिसला की त्याला कारस्थान म्हणणे बरे नव्हे.

मग नोंदीत नेमकी किती तूट असू शकते? याची एक मर्यादा जनगणनेच्याच तक्त्यांतून काढता येते. २०११ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे १,३२,७५,८९८ लोक होते. त्यांपैकी धर्म ‘हिंदू’ सांगितलेले ८०,६०,१३०, ‘बौद्ध’ सांगितलेले ५२,०४,२८४ आणि ‘शीख’ सांगितलेले ११,४८४. दुसऱ्या तक्त्यात जातवार संख्या आहे. त्यात महार ८०,०६,०६०. आता असे धरा, की अनुसूचित जातींतले सगळेच्या सगळे बौद्ध महारच आहेत. तरीही ८०,०६,०६० मधून ५२,०४,२८४ वजा जाता २८,०१,७७६ महार असे उरतात, ज्यांच्या धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ नाही. बौद्धांत इतर जातींचे लोक धरले तर हा आकडा वाढेल, कमी होणार नाही.

या अठ्ठावीस लाखांतले सगळे मनाने बौद्ध आहेत, असे मी म्हणत नाही. त्यांत स्वतःला हिंदू मानणारे आहेत, आणि तसे मानण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण आकडा राखणारा संपादक जेव्हा ‘६५,३१,२००, विषय संपला’ असे लिहितो, तेव्हा आमच्या ओसरीवरच्या मायीसारखी किती माणसे या उरलेल्यांत गेली, हा प्रश्नच तो पुसून टाकतो.

दुसरीकडे, ही रक्कम पुरती बौद्धांत मिळवली तरी काय होते? ६५,३१,२०० आणि २८,०१,७७६ मिळून ९३,३२,९७६. एक कोटीच्या आत. देशातल्या दर शंभर बौद्धांपैकी सत्त्याहत्तर महाराष्ट्रात आहेत. जिथे बहुसंख्य बौद्ध राहतात तिथली तूट अशी जास्तीत जास्त लाखांत भरत असेल, तर देशाचा आकडा पाच-सहा कोटींवर जायला आधार कुठला? उत्तरेत आणि दक्षिणेत बाबासाहेबांना मानणारे कोट्यवधी लोक आहेत हे खरे. पण बाबासाहेबांना मानणे आणि धर्म बौद्ध असणे या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. चीनच्या बाबतीत धूप जाळणाऱ्या प्रत्येकाला बौद्ध धरणारे जी गल्लत करतात, तीच ही.

तिसरा आकडा मला या दोहोंपेक्षा अधिक बोचतो. राज्यातल्या ६५,३१,२०० बौद्धांपैकी अनुसूचित जातीच्या रकान्यात ५२,०४,२८४ आहेत. उरले १३,२६,९१६. यांत इतर समाजांतून बौद्ध झालेले काही असतील. पण ‘जात नाही’ म्हणून रकाना कोरा सोडणारेही यांतच आहेत. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या राखीव जागा ठरतात त्या अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवर, बौद्धांच्या लोकसंख्येवर नव्हे. म्हणजे ज्या आकड्यावरून विकिपीडियावर रात्री जागवल्या जातात त्याने एकही जागा हलत नाही, आणि ज्याने हलू शकते तो आकडा कोणाच्या चर्चेत नाही.

विकिपीडियावर ही मांडणी लिहिली तर ती बहुधा टिकणार नाही. साधी वजाबाकी तिथे चालते. वजाबाकीवरून काढलेला निष्कर्ष ‘मूळ संशोधन’ म्हणून काढून टाकला जातो. याबद्दल माझी तक्रार नाही. ते काम अशा अंकांतल्या लेखांचे आहे. कोणी तपासून पाहिले, खोडले किंवा पुढे नेले, तर उद्या त्याचाच संदर्भ कोशाला देता येईल.

५

संख्येचा असा वाद खुद्द बाबासाहेबांच्या वाट्याला आला होता. १९३२ मध्ये मताधिकाराचा विचार करण्यासाठी लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिचे ते सदस्य होते. अस्पृश्यांची संख्या किती, यावर तिथे रान पेटले. त्याआधीच्या जनगणनांत ती संख्या बिनबोभाट छापली जात होती. तिच्यावर प्रतिनिधित्व अवलंबून राहणार असे दिसताच काही प्रांतांत ती अमान्य होऊ लागली. आपल्याकडे अस्पृश्यच नाहीत, इथपर्यंत काहींची मजल गेली. संयुक्त प्रांत आणि बंगाल इथल्या प्रांतिक समित्यांचे आकडे जनगणनेच्या मानाने अगदीच नगण्य होते. बाबासाहेबांनी याचा समाचार स्वतंत्र टिपणात आणि पुढच्या लेखनातही घेतला.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. समोरचा आकडा लहान करतो आहे म्हणून त्यांनी आपला आकडा मोठा केला नाही. संख्या कोणत्या कसोटीवर काढली, कसोटी कोणी बदलली, कधी बदलली आणि का, हे त्यांनी विचारले. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात तर त्यांनी १९११ च्या जनगणनेत लावलेल्या दहा कसोट्याच पुरावा म्हणून घेतल्या. ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मानतात का, गाईबद्दल पूज्यभाव बाळगतात का, अशा त्या कसोट्या होत्या. त्या सरकारने कोणत्या हेतूने लावल्या हा भाग निराळा; बाबासाहेबांनी बेरजेच्या मागचा प्रश्न वाचला आणि त्यातून स्वतःचा सिद्धान्त उभा केला. तो सिद्धान्त कोणाला पटो न पटो, आकडा वाचावा कसा याचा तो धडा आहे. त्यांच्या नावाने आज पाच कोटी लिहिणाऱ्याने हा धडा गिरवलेला नाही, आणि जनगणनेचे पान दाखवून चर्चा बंद करणाऱ्यानेही नाही.

शिवाय फुगवलेल्या आकड्याने खरा आकडा झाकला जातो. २,४८७ वरून दहा वर्षांत २७,८९,५०१. धर्मांतरानंतर दोन महिन्यांच्या आत नेता गेलेला, केंद्राच्या सवलतींवर पाणी सोडावे लागणार हे माहीत असलेले, आणि तरीही प्रगणकाला ‘बौद्ध’ सांगणारे हे लोक. नागपूरच्या मैदानावर त्या दिवशी तीन लाख होते की सहा लाख, यावर अजून मतभेद आहेत. १९६१ च्या या आकड्याचे तसे नाही. तो घराघरांत विचारून आलेला आहे. त्याला सजवण्याची गरज नाही.

६

मग त्या पानावर काय असावे? माझ्या मते चौकटीत जनगणनेचाच आकडा राहावा, दुसरा कोणताही नको. त्याखाली चार वाक्ये पुरेत. हा आकडा धर्माच्या प्रश्नाला कुटुंबाने दिलेल्या उत्तरांचा आहे. १९५० ते १९९० या काळात बौद्ध असे उत्तर देणाऱ्याला केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा लाभ मिळत नव्हता. २०११ मध्ये महाराष्ट्रातल्या बौद्धांपैकी ५२,०४,२८४ अनुसूचित जातींत नोंदले गेले, उरलेले नाहीत. याहून मोठ्या संख्येचे दावे केले जातात, त्यांना मोजणीचा आधार नाही. या प्रत्येक वाक्याला छापील आधार आहे; पडताळणीच्या नियमाला धक्का लागत नाही, आणि पाच कोटी लिहिणाऱ्याच्या मनातला जो सल आहे त्यालाही पानावर जागा मिळते. तो आकड्याने चुकतो, पण आपली नोंद पुरी झालेली नाही या जाणिवेने चुकत नाही.

पान सुधारणे मात्र दुय्यम. २०२१ ची जनगणना झाली नाही; आता ती १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाने होणार आहे आणि या वेळी सगळ्यांचीच जात विचारली जाणार आहे. ‘जात सोडली’ म्हणणाऱ्या घरापुढे आणि ‘सर्टिफिकिटाचे काय’ म्हणणाऱ्या घरापुढे तोच पेच पुन्हा येईल. चर्चापानांवर खर्च होणाऱ्या रात्रींतली एखादी संध्याकाळ जरी कोणी आपल्या वस्तीत बसून हे समजावण्यात घालवली, तरी पुढच्या आकड्याचे भांडण निम्मे होईल. उत्तर काय द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे; ते दुसऱ्याने सांगू नये. पण धर्म आणि अनुसूचित जात हे दोन वेगळे प्रश्न आहेत, १९९० पासून ‘बौद्ध’ आणि यादीतली जात ही दोन्ही उत्तरे एकत्र देता येतात, आणि धर्म खरा सांगितल्याने कोणाच्या लेकराचा दाखला अडत नाही, एवढे प्रत्येक ओसरीपर्यंत पोचले पाहिजे. म्हणजे निदान पुढच्या वेळी मायीला गप्प बसावे लागणार नाही.